खजुराला खत किती? हिशेब माती, पान आणि पाण्याचा

पावसाळा तोंडावर आला की मुंबईच्या बाजारात हातगाड्यांवर पिवळ्या-लाल, कुरकुरीत ताज्या खजुराचे घोस दिसू लागतात. त्यातील बराचसा माल गुजरातमधील कच्छचा. तेथे या फळाला ‘खारेक’ म्हणतात. पावसात फळ कुजते, म्हणून ते पूर्ण पिकण्याआधीच उतरवले जाते. २०२४ मध्ये कच्छी खारेकेला भौगोलिक मानांकनही मिळाले.

खजूर हे वाळवंटातील झाड; त्याला खताची काय गरज, असा एक समज आढळतो. दुसरीकडे, खत जितके अधिक तितके फळ अधिक, असेही मानले जाते. दोन्ही समज सारखेच महागात पडतात.

हिशेबाची सुरुवात बागेतून बाहेर जाणाऱ्या अन्नद्रव्यांपासून करावी. पक्व खजुराच्या १०० किलो गरातून साधारण ६५० ते ७०० ग्रॅम पोटॅशियम आणि ३०० ते ४०० ग्रॅम नत्र निघून जाते. युरियात ४६ टक्के नत्र असते. म्हणजे ३५० ग्रॅम नत्राची भरपाई सुमारे पाऊण किलो युरियाने होते. छाटलेल्या झावळ्यांतूनही बरेच पालाश जाते. त्या जाळण्याऐवजी कुजवून परत दिल्यास खर्च वाचतो.

मात्र ही केवळ किमान भरपाई होय. दिलेले सारे खत मुळांना मिळत नाही. कच्छसारख्या कोरड्या प्रदेशातील विम्लधर्मी, चुनखडीयुक्त जमिनीत स्फुरद अडकून पडतो, जस्त व लोह जमिनीत असूनही झाडाला मिळत नाही आणि उघड्यावर टाकलेल्या युरियातील नत्र अमोनिया होऊन हवेत उडून जाते. म्हणूनच युरिया आळ्यात मातीआड करून लगेच पाणी द्यावे लागते.

मातीचा नमुना बागेत ठिकठिकाणी, वेगवेगळ्या खोलीवरून घ्यावा. खत टाकलेली जागा व बांध टाळावेत. मातीत काय आहे ते माती परीक्षण सांगते, तर झाडाने प्रत्यक्षात काय घेतले ते पान परीक्षणातून कळते. दरवर्षी त्याच हंगामात, त्याच वयाच्या झावळीच्या मधल्या पर्णिका तपासल्या तरच आकड्यांची तुलना अर्थपूर्ण ठरते.

सर्वांत दुर्लक्षित घटक म्हणजे विहिरीचे पाणी. लिटरमागे १० मिलिग्रॅम नायट्रेट-नत्र असलेले ५० घनमीटर पाणी एका झाडाला वर्षभरात दिले, तर त्यातूनच ५०० ग्रॅम नत्र जमिनीत जाते. म्हणजे १०० किलो गराने नेलेल्या नत्राहून अधिक! हे न मोजता पुन्हा युरिया टाकला, तर जादा नत्र भूजलात उतरते. आणि तीच विहीर अनेकदा पिण्याच्या पाण्याचीही असते.

क्षारांचेही तसेच. जमिनीच्या संपृक्त अर्काची विद्युत वाहकता ४ डेसिसायमन प्रतिमीटरपर्यंत असेल, तर खजुराचे उत्पादन घटत नाही. १८ वर मात्र ते निम्म्यावर येते. अशा खारवट जमिनीत क्लोराईडयुक्त म्युरेट ऑफ पोटॅशऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश वापरणे हिताचे.

खजुराचे झाड अनेक दशके फळ देते. त्याच्या खताची मात्रा शेजाऱ्याच्या बागेवरून नव्हे, तर आपल्याच माती, पान, पाणी आणि उत्पादनाच्या नोंदींवरून ठरवायला हवी. तपासणीचा खर्च वर्षातून एकदाच करावा लागतो. चुकीच्या मात्रेची किंमत मात्र जमीन आणि विहीर दोन्ही दीर्घकाळ मोजत राहतात.