विधिमंडळ कर्मचाऱ्यांचे डिजिटल सुगम्यता प्रशिक्षण

विधिमंडळाची कागदपत्रे, संकेतस्थळे आणि प्रक्षेपणे दिव्यांग व्यक्तींना इतरांइतक्याच सहजपणे वापरता यावीत, यासाठी विधिमंडळ सचिवालयातील अधिकारी व कर्मचाऱ्यांना दिले जाणारे व्यावसायिक प्रशिक्षण म्हणजे डिजिटल सुगम्यता प्रशिक्षण होय. विधेयके, दिवसाच्या कामकाजाचा क्रम, प्रश्नांच्या याद्या, समित्यांचे अहवाल आणि सभागृहाच्या कामकाजाचा वृत्तांत हे सर्व साहित्य आता संगणकावर तयार होऊन इंटरनेटवर प्रसिद्ध होते. ते दृष्टिहीन नागरिकाला वाचता येईल की नाही, हे केवळ संकेतस्थळ चालवणाऱ्या तंत्रज्ञाच्या हाती नसते. मूळ दस्तऐवज टंकलिखित करणाऱ्या, तपासणाऱ्या आणि प्रसिद्धीस देणाऱ्या कर्मचाऱ्याच्या कार्यपद्धतीवर ते मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. या लेखात मुख्यतः भारतातील, विशेषतः मराठी दस्तऐवजांच्या संदर्भातील स्थितीचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ९८ नुसार संसदेच्या प्रत्येक सभागृहासाठी, तर अनुच्छेद १८७ नुसार राज्य विधानमंडळासाठी स्वतंत्र सचिवालयीन कर्मचारीवर्गाची तरतूद आहे. हा वर्ग शासनाच्या प्रशासकीय विभागांपासून वेगळा असतो. कक्ष अधिकारी, लिपिक-टंकलेखक, प्रतिवेदक, भाषांतरकार, ग्रंथपाल, समिती अधिकारी आणि माहिती तंत्रज्ञान कर्मचारी असे अनेक घटक त्यात येतात. यांपैकी जवळजवळ प्रत्येक जण सार्वजनिक दस्तऐवजाच्या निर्मितीत कोठे ना कोठे सहभागी असतो.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतातील दिव्यांग व्यक्तींची संख्या सुमारे २.६८ कोटी होती. त्यांपैकी दृष्टिदोष असलेल्या आणि श्रवणदोष असलेल्या व्यक्ती प्रत्येकी सुमारे ५० लाख होत्या. महाराष्ट्रातील दिव्यांग व्यक्तींची संख्या सुमारे २९.६ लाख नोंदवली गेली. विधेयकावर हरकत नोंदवणे, आपल्या आमदाराने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पाहणे, समितीपुढे निवेदन देणे या गोष्टींसाठी मूळ कागद वाचता येणे ही पहिली अट असते.

सुगम्यतेची गरज केवळ बाहेरच्या वाचकांपुरती नाही. १९५३ च्या पोटनिवडणुकीत कलकत्त्यातून लोकसभेवर निवडून आलेले साधन गुप्ता हे दृष्टिहीन होते. दिव्यांग व्यक्तींसाठी शासकीय पदांत किमान ४ टक्के आरक्षणाची तरतूद असल्यामुळे सचिवालयातील कर्मचारी स्वतःही दिव्यांग असू शकतात.

मानके

संकेतस्थळे आणि डिजिटल आशय यांसाठी जगभर आधारभूत मानली जाणारी मार्गदर्शक तत्त्वे वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ही संस्था प्रसिद्ध करते. त्यांची पहिली आवृत्ती १९९९ मध्ये, २.० ही आवृत्ती २००८ मध्ये, २.१ ही २०१८ मध्ये आणि २.२ ही २०२३ मध्ये आली. दुसऱ्या आवृत्तीपासून ही तत्त्वे चार सूत्रांवर उभी आहेत : आशय इंद्रियांना जाणवण्याजोगा, हाताळता येण्याजोगा, समजण्याजोगा आणि विविध साधनांवर टिकून राहणारा असावा. त्यांचे ए, डबल ए आणि ट्रिपल ए असे तीन स्तर असून अनेक देशांचे कायदे डबल ए हा स्तर ग्राह्य धरतात. या स्तरावर सामान्य आकाराची अक्षरे आणि पार्श्वभूमी यांतील प्रकाशभेद किमान ४.५ : १ असावा लागतो. पीडीएफ दस्तऐवजांच्या सुगम्यतेसाठी २०१२ पासून स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानक उपलब्ध आहे.

भारत सरकारने शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना २००९ मध्ये प्रथम प्रसिद्ध केल्या. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. भारतीय मानक ब्युरोचे आयएस १७८०२ हे माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेचे मानक असून त्याचा पहिला भाग २०२१ मध्ये आणि दुसरा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला.

कायदेशीर चौकट

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार डिसेंबर २००६ मध्ये स्वीकारला गेला आणि भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्यास अनुसमर्थन दिले. त्याचा ९ वा अनुच्छेद सुगम्यतेशी, तर २९ वा अनुच्छेद राजकीय व सार्वजनिक जीवनातील सहभागाशी संबंधित आहे. या करारास अनुसरून दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ करण्यात आला. तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला असून त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार नमूद आहेत.

अधिनियमाच्या कलम ४२ नुसार श्राव्य, मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील सर्व आशय सुगम्य स्वरूपात उपलब्ध होईल, हे पाहणे शासनाचे कर्तव्य आहे. कलम ४७ प्रशिक्षणाविषयी आहे. पंचायत राज संस्थांचे सदस्य, विधिमंडळ सदस्य, प्रशासक, पोलीस अधिकारी, न्यायाधीश व वकील यांच्या सर्व प्रशिक्षणक्रमांत दिव्यांगांच्या हक्कांचा समावेश अनिवार्य करण्यास ते सांगते. विधिमंडळ सचिवालयातील कर्मचाऱ्यांचा मात्र या यादीत वेगळा उल्लेख नाही.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या नियमांतील नियम १५(१) अधिनियमाशी विसंगत ठरवला. अधिनियमाला सुगम्यतेचे बंधनकारक निकष अभिप्रेत असताना या नियमाखालील निकष केवळ शिफारसवजा होते, हे त्याचे कारण होते. ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार या निर्णयात न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा अनुच्छेद २१ खालील जीविताच्या हक्काचा अंगभूत भाग असल्याचे म्हटले.

विधिमंडळीय दस्तऐवजांतील अडथळे

दृष्टिहीन वाचक सामान्यतः पडदा-वाचक प्रणाली वापरतात. पडद्यावरील मजकूर ती आवाजात रूपांतरित करते किंवा ब्रेल पट्टीवर उमटवते. ही प्रणाली पानाचे दृश्य रूप पाहत नाही. ती दस्तऐवजातील अक्षरे आणि त्यांची अंतर्गत रचना वाचते. त्यामुळे डोळ्यांना निर्दोष दिसणारा कागदही कानाला निरर्थक ठरू शकतो.

सर्वांत सामान्य अडथळा स्कॅन केलेल्या प्रतीचा असतो. संगणकावर तयार केलेला मजकूर छापला जातो, त्यावर स्वाक्षरी व शिक्का होतो आणि मग त्या कागदाचे स्कॅन करून पीडीएफ प्रसिद्ध केली जाते. या प्रवासात अक्षरांचे चित्र होते आणि चित्रातील मजकूर पडदा-वाचकाला थेट वाचता येत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० नुसार डिजिटल स्वाक्षरीला मान्यता असल्याने हा टप्पा टाळता येतो; ते शक्य नसेल तेथे स्कॅन प्रतीसोबत मूळ मजकुराची प्रत देता येते.

विधेयकाची पारंपरिक मांडणीही काही अडचणी निर्माण करते. लोकसभेतील विधेयकांच्या समासात कलमांची शीर्षके आणि दर पाच ओळींमागे ओळ क्रमांक छापलेले असतात. वाचनाचा क्रम निश्चित केलेला नसेल, तर पडदा-वाचक वाक्याच्या मध्येच हे शीर्षक किंवा ५, १०, १५ असा आकडा उच्चारतो. कायद्याच्या मजकुरात अनाहूत आकडा आल्यास ऐकणाऱ्याचा अर्थाविषयी गोंधळ होणे स्वाभाविक आहे. संयुक्त समितीने सुधारलेल्या विधेयकात नवे शब्द अधोरेखित करून किंवा बाजूला रेघ ओढून, तर वगळलेला मजकूर तारकाचिन्हांनी दाखवण्याची पद्धत आहे. अनेक पडदा-वाचक अधोरेखन आपणहून सांगत नाहीत. अशा वेळी दृष्टिहीन वाचकाला संपूर्ण विधेयक ऐकता येते, पण समितीने त्यात काय बदलले हे कळत नाही. बदलांची शब्दरूप यादी जोडणे हा त्यावरील साधा उपाय आहे.

कलम, पोटकलम, खंड, उपखंड आणि परंतुक ही उतरंड मोकळ्या जागा सोडून दाखवली, तर ती केवळ डोळ्यांना दिसते. शब्दसंसाधकातील शीर्षकशैली व स्वयंचलित क्रमांकन वापरल्यास तीच उतरंड यंत्रालाही कळते आणि वाचक एका कलमावरून थेट दुसऱ्या कलमावर जाऊ शकतो. अर्थसंकल्पीय तक्त्यांत स्तंभशीर्षके निश्चित केलेली नसतील, तर ऐकणाऱ्याला आकडे मिळतात, पण ते कोणत्या वर्षाचे आणि कोणत्या बाबीचे आहेत हे उमगत नाही.

मराठी मजकुराचे विशेष प्रश्न

युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी टंकलेखनासाठी कृतिदेव, श्री-लिपी यांसारख्या प्रणालींतील टंक वापरात होते. अशा अनेक टंकांत पडद्यावर देवनागरी अक्षर दिसत असले, तरी संगणकाच्या लेखी तेथे रोमन अक्षरे व चिन्हे असतात. पडदा-वाचक तीच अर्थहीन मालिका उच्चारतो. असा मजकूर शोधयंत्रालाही सापडत नाही. जुने दस्तऐवज युनिकोडमध्ये रूपांतरित करताना जोडाक्षरे व रफार यांत चुका राहत असल्याने मुद्रितशोधन आवश्यक ठरते.

युनिकोडमध्येही एकच अक्षर दोन प्रकारे टंकलिखित होऊ शकते. ‘दर्या’ (समुद्र) आणि ‘दऱ्या’ (दरीचे अनेकवचन) यांतील भेद मराठीत अर्थभेद करणारा आहे. ‘दऱ्या’मधील अर्धा र स्वतंत्र ‘ऱ’ वापरून किंवा साध्या ‘र’ला अदृश्य जोडचिन्ह लावून लिहिता येतो. दोन्ही रूपे सारखीच दिसतात, परंतु एका रूपाने शोध घेतल्यास दुसरे सापडेलच असे नाही. ‘ॲ’ या अक्षराच्या बाबतीतही हेच घडते. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द मराठी विधिमंडळीय कामकाजात वारंवार येत असल्याने ही बाब केवळ तांत्रिक राहत नाही. कार्यालयाने एकच पद्धत ठरवून घेणे आणि ती सर्व टंकलेखकांना शिकवणे हा यावरील उपाय होय.

दस्तऐवजाची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवणेही महत्त्वाचे आहे. तसे न केल्यास पडदा-वाचक चुकीच्या भाषेचा आवाज निवडू शकतो. एनव्हीडीए या विनामूल्य पडदा-वाचकासोबत येणाऱ्या ईस्पीक या वाचाप्रणालीत मराठीची सोय आहे. त्यामुळे कर्मचाऱ्यांना आपला दस्तऐवज खर्चाविना ऐकून तपासता येतो.

प्रशिक्षण

लोकसभा सचिवालयात १९७६ मध्ये संसदीय अध्ययन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. ‘प्राइड’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी लोकशाहीसाठीची संसदीय संशोधन व प्रशिक्षण संस्था हे त्याचे आजचे रूप होय. सदस्य, संसद व राज्य विधानमंडळांचे अधिकारी, तसेच परदेशी संसदांचे अधिकारी यांच्यासाठी तेथे कार्यपद्धती, विधेयकलेखन इत्यादी विषयांचे अभ्यासक्रम होतात. महाराष्ट्र विधानमंडळात विधानपरिषदेचे माजी सभापती वि. स. पागे यांच्या नावाचे संसदीय प्रशिक्षण केंद्र आहे.

विधिमंडळे कागदविरहित होऊ लागल्याने या प्रशिक्षणाची निकड वाढली. हिमाचल प्रदेश विधानसभेने २०१४ मध्ये ई-विधान प्रणाली स्वीकारली. पुढे केंद्रीय संसदीय कार्य मंत्रालयाने सर्व विधिमंडळांसाठी ‘नेवा’ हा राष्ट्रीय ई-विधान प्रकल्प हाती घेतला. त्याला जानेवारी २०२० मध्ये ६७३.९४ कोटी रुपये खर्चाची मंजुरी मिळाली. नागालँड विधानसभेने मार्च २०२२ मध्ये तो प्रथम लागू केला. तथापि, कागद संगणकावर आला म्हणजे तो आपोआप सुगम्य होतो असे नाही.

कामाच्या स्वरूपानुसार प्रशिक्षणाचे विषय बदलतात :

• टंकलेखक व कक्ष अधिकारी : युनिकोड, शीर्षकशैली, तक्त्यांची रचना, चित्रांना पर्यायी वर्णन देणे.
• प्रतिवेदक : बोलणाऱ्याचे नाव व भाषण यांचा भेद रचनेतून स्पष्ट करणे, ध्वनिचित्रमुद्रणासाठी मथळे तयार करणे.
• समिती कर्मचारी : सुनावणीची सूचना सुगम्य स्वरूपात काढणे, सांकेतिक भाषेच्या दुभाष्याची व्यवस्था करणे.
• माहिती तंत्रज्ञान कर्मचारी : माऊसविना, केवळ कळफलकाने संकेतस्थळ वापरून पाहणे, खरेदीच्या अटींत मानकांचा समावेश करणे.

स्वयंचलित तपासणी साधने पर्यायी वर्णन आहे की नाही हे सांगतात. ते वर्णन योग्य आहे की नाही हे सांगू शकत नाहीत. म्हणून दिव्यांग वापरकर्त्यांकडून प्रत्यक्ष तपासणी करून घेणे हा प्रशिक्षणाचा आवश्यक भाग मानला जातो.

इतर देशांत

अमेरिकेत १९७५ मध्ये स्थापन झालेल्या राज्य विधिमंडळांच्या राष्ट्रीय परिषदेअंतर्गत कर्मचाऱ्यांच्या व्यवसायनिहाय संघटना कार्यरत आहेत. तेथे एप्रिल २०२४ मध्ये राज्य व स्थानिक शासनसंस्थांच्या डिजिटल आशयासाठी आवृत्ती २.१ चा डबल ए स्तर विहित करणारा नियम प्रसिद्ध झाला. ब्रिटनमध्ये सार्वजनिक संस्थांच्या संकेतस्थळांविषयी २०१८ चे विनियम लागू आहेत.

मर्यादा

अधिवेशनकाळातील घाई ही या कामातील प्रमुख अडचण आहे. दुरुस्त्या ऐनवेळी येतात, विभागांची उत्तरे स्कॅन प्रतींच्या रूपात मिळतात आणि ती तशीच पुढे पाठवली जातात. कर्मचाऱ्यांच्या बदल्यांमुळे एकदा दिलेले प्रशिक्षण फार काळ टिकत नाही. जुन्या वृत्तांतांचे खंड प्रकाशीय अक्षर-ओळख तंत्राने वाचनीय करता येतात, पण झिजलेल्या छपाईमुळे चुका राहतात. तयार झालेला दस्तऐवज नंतर दुरुस्त करण्यापेक्षा मूळ नमुनाच सुगम्य करून ठेवणे कमी श्रमाचे असते. एकदा नीट बांधलेला विधेयकाचा नमुना पुढील प्रत्येक विधेयकास उपयोगी पडतो.