लग्नाची डीव्हीडी मोबाइलमध्ये घेताय? फाइल लहान करण्याच्या नादात चेहरे घालवू नका

घरोघरी कपाटात, ट्रंकेत लग्नाच्या, बारशाच्या, साखरपुड्याच्या डीव्हीडी पडून आहेत. डीव्हीडी प्लेअर बंद पडला, नव्या लॅपटॉपला डिस्क टाकायची जागाच राहिली नाही. त्या शूटिंगमधली आजी-आजोबा, आत्या, मामा अशी काही माणसं आज हयात नाहीत. त्यांचं बोलणं-चालणं फक्त त्या चकतीवर उरलंय. म्हणून अनेक जण डीव्हीडी दुकानात नेऊन ‘मोबाइलमध्ये टाकून द्या’ म्हणतात. फाइल तर मिळते, पण बघायला गेलं की चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन दिसतात. असं का होतं आणि कसं टाळायचं, ते समजून घेऊ.

डीव्हीडीत असतं काय?

साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी माहिती मावते. आपल्याकडच्या डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं. दोन तासांचं लग्न पूर्ण डिस्कभर असेल, तर दर सेकंदाला साधारण ५ मेगाबिट माहिती खर्च होते. हे चित्र एमपेग-२ या जुन्या पद्धतीने आधीच दाबून बसवलेलं असतं. म्हणजे ‘कॉम्प्रेशन’ एकदा झालेलंच आहे. आपण फाइल लहान करतो, तेव्हा ते दुसऱ्यांदा होतं.

मग लहान करायचंच नाही का?

करता येतं. एच.२६४ ही नंतरची पद्धत तेवढंच चित्र साधारण निम्म्या जागेत बसवते आणि जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनवर चालते. सेकंदाला २ मेगाबिट धरले तर दोन तासांची फाइल सुमारे १.८ जीबी होते आणि चित्र बहुतेक ठिकाणी चांगलं राहतं. पण तेच लग्न ४००-४५० एमबीत कोंबलं, तर सेकंदाला जेमतेम अर्धा मेगाबिट मिळतो. मग चित्र फुटणारच.

फुटतं तेही सगळीकडे सारखं नाही. नवरा-नवरी स्टेजवर शांत बसलेत, मागचा पडदा हलत नाही, तिथे कमी माहितीत भागतं. पण वरात, बँड, लुकलुकणाऱ्या माळा, अक्षतांचा वर्षाव, नाचणारी पोरं, इथे क्षणाक्षणाला चित्र बदलतं आणि माहिती जास्त लागते. गर्दीतले चेहरे पहिल्यांदा इथेच पुसले जातात. जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून बनवलेल्या डीव्हीडीत मुंग्या जास्त असतात, त्याही जागा खातात. अशा डिस्कची फाइल थोडी मोठीच ठेवावी.

दुकानदाराला काय सांगायचं?

हँडब्रेक हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात ‘इतक्या एमबीत बसव’ असं न सांगता ‘इतका दर्जा ठेव’ असं सांगता येतं. तो पर्याय म्हणजे ‘कॉन्स्टंट क्वालिटी’. यात आकडा जितका लहान, तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. डीव्हीडीसाठी १८ ते २२ मधला आकडा ठीक. सॉफ्टवेअर मग वरातीला जास्त आणि शांत प्रसंगाला कमी जागा आपोआप देतं.

आणखी तीन गोष्टी सांगाव्यात:

- हलणाऱ्या माणसांच्या कडेला आडव्या रेघा, कंगव्यासारखे दात दिसत असतील, तर ‘डीइंटरलेस’ चालू करा.
- चित्र ओढून ‘एचडी’ करू नका. मुळात नसलेला बारकावा त्यातून येत नाही, फाइल मात्र फुगते.
- चित्राचं लांबी-रुंदीचं प्रमाण बदलू नका. जुनं चौकटी चित्र रुंद पडद्याला ताणलं की माणसं जाडी दिसतात.

मूळ प्रत आधी, लहान फाइल नंतर

सगळ्यात महत्त्वाचं हेच. डिस्कमधला ‘व्हिडिओ_टीएस’ हा पूर्ण फोल्डर जसाच्या तसा आधी कॉपी करून घ्यावा. त्यात चित्राचा दर्जा तसूभरही घटत नाही. ६४ जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये अशा बाराएक भरलेल्या डिस्क बसतात. त्या प्रतीवरून लहान फाइल हवी तेव्हा, हवी तितक्या वेळा काढता येते. लहान फाइलवरून मूळ चित्र मात्र परत मिळत नाही.

एकच पेन ड्राइव्ह म्हणजे भरवसा नाही. दुसरी प्रत भावाकडे किंवा बहिणीकडे ठेवावी.

नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवला की तो पुन्हा दाबला जातो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर फाइल आहे तशी जाते. तिथे २ जीबीची मर्यादा आहे. टीव्हीवर डीव्हीडी लावून मोबाइलने शूटिंग करणं हा तर सगळ्यात वाईट उपाय.

उशीर नको

घरी लिहिलेल्या डीव्हीडीत रंगाचा पातळ थर असतो. ऊन, उष्णता आणि ओल लागून तो खराब होतो. चरे पडतात ते वेगळेच. डिस्क अडकत असेल तर मऊ, स्वच्छ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल गोल नाही. एका ड्राइव्हला वाचता आली नाही तर दुसऱ्यात लावून बघावी. काही वेळा तेवढ्यानं काम होतं.

कॉपी झाली की दुकानातच फाइल उघडून वरातीचा भाग आणि शेवटची पाच मिनिटं बघून घ्यावीत. आवाज आणि ओठांची हालचाल जुळते का, तेही पाहावं. आणि सगळं नीट उतरलं तरी मूळ डिस्क फेकू नये.