विश्लेषण : रूळ तडकू नये म्हणून पोलादातला कार्बन कमी?

१७ ऑक्टोबर २००० रोजी लंडनहून लीड्सकडे निघालेली रेल्वेगाडी हॅटफिल्डजवळच्या वळणावर ताशी सुमारे १८५ किलोमीटर वेगात असताना घसरली. चौघांचा मृत्यू झाला. तपासात रुळाचे तीनशेहून अधिक तुकडे सापडले. चाकांच्या सततच्या दाबाने रुळाच्या माथ्यावर बारीक भेगा पडल्या होत्या आणि त्या आतवर उतरल्या होत्या. नंतर ब्रिटनभर शेकडो ठिकाणी वेगमर्यादा लावून रुळांची तपासणी करावी लागली. अशा भेगांना दाद न देणारे पोलाद शोधण्याचे प्रयत्न त्याआधीच सुरू होते. त्यातून पुढे आलेले एक नाव म्हणजे बेनाइट.

नेहमीच्या रुळात काय असते?

साधारण ०.७ टक्के कार्बन. त्यामुळे पोलादात फेराइट या मऊ लोहाचे आणि सिमेंटाइट या कठीण कार्बाइडचे एकावर एक थर तयार होतात, साट्याच्या करंजीच्या पापुद्र्यांसारखे. या रचनेला पर्लाइट म्हणतात. ती झीज उत्तम सोसते. मात्र सिमेंटाइट ठिसूळ असते आणि भेगेला ते आयतेच सापडते.

मग बेनाइट म्हणजे काय?

तापवलेले पोलाद सावकाश निवले तर पर्लाइट बनते. लोहार लालबुंद विळा पाण्यात बुडवतो, तेव्हा मार्टेन्साइट बनते : अतिशय कडक, पण ठिसूळ. या दोहोंच्या मधल्या तापमानाला पोलाद स्थिर ठेवले तर काय होते, याचा अभ्यास अमेरिकेतील यूएस स्टीलच्या प्रयोगशाळेत डेव्हनपोर्ट आणि एडगर बेन यांनी केला. १९३० मध्ये त्यांनी वेगळ्याच रचनेची नोंद केली. पुढे १९३४ मध्ये सहकाऱ्यांनी तिला बेन यांचेच नाव दिले. बेनाइटमधील फेराइटच्या पात्या जेमतेम ०.२ मायक्रोमीटर जाडीच्या, म्हणजे केसापेक्षा शेकडो पट बारीक असतात. बळकटी मुख्यत्वे या बारीकपणातून येते. त्यामुळे कार्बन कमी करूनही पोलाद मजबूत ठेवता येते, शिवाय ते जोडायला सोपे आणि चिवट होते.

पण अडचण अशी की, कमी कार्बनचे साधे पोलाद हवेत निवताना मऊ फेराइटच होऊन बसते. ब्रिटनमधील अर्विन आणि पिकरिंग यांनी १९५७ मध्ये त्यावरचा तोडगा मांडला. सुमारे अर्धा टक्का मॉलिब्डेनम आणि टक्क्याच्या काही हजारांश इतके बोरॉन. बोरॉनचे अणू कणांच्या सीमांवर जाऊन बसतात आणि तिथे सुरू होणारी फेराइटची वाढ रोखतात. त्यामुळे पाण्यात न बुडवता, नुसत्या हवेत निववूनही बेनाइट मिळू लागले.

सिलिकॉनची कमाल कोणती?

बेनाइटमध्येही पात्यांच्या मधे सिमेंटाइटचे कण उरतातच. ते घालवण्यासाठी सुमारे दीड टक्का सिलिकॉन घालतात. सिमेंटाइटला सिलिकॉन सामावून घेता येत नाही, त्यामुळे त्याची निर्मिती लांबते. कार्बन मग शिल्लक ऑस्टेनाइटमध्ये जातो आणि ते खोलीच्या तापमानालाही पातळ पापुद्र्यांच्या रूपात टिकते. हे पापुद्रे भेगेला सहजी पुढे सरकू देत नाहीत. मात्र ऑस्टेनाइट ढेकळांसारखे उरले तर ताणाखाली त्याचेच ठिसूळ मार्टेन्साइट होते. म्हणजे ऑस्टेनाइट किती, याइतकेच ते कुठे आणि कोणत्या आकारात, हे महत्त्वाचे. केंब्रिजमधील भारतीय वंशाचे धातुशास्त्रज्ञ हर्षद भदेशिया यांनी याच सूत्रावर ब्रिटिश स्टीलसोबत रुळांचे पोलाद विकसित केले. चॅनल टनेलमध्येही असे रूळ बसवले गेले.

सगळीकडे हेच रूळ का नाहीत?

मिश्रधातूंचा खर्च आहे. सांधे जोडताना मिळणाऱ्या उष्णतेने ऑस्टेनाइट बिघडू शकते, म्हणून जोडणीची पद्धतही बदलावी लागते. सर्वांत अवघड मुद्दा झिजेचा. तेवढ्याच कडकपणाचे पर्लाइट कमी कार्बनच्या बेनाइटपेक्षा कमी झिजते, असे चाचण्यांत दिसले आहे. अर्थात कमी झिजणे दर वेळी फायद्याचेच असते असे नाही. पृष्ठभाग थोडा झिजला की कोवळ्या भेगाही त्यासोबत निघून जातात. फार कडक रुळात त्या तशाच राहून खोल जातात. म्हणूनच या पोलादाचा विचार प्रामुख्याने तीव्र वळणे आणि क्रॉसिंग यांसाठी होतो. भारतात क्रॉसिंगसाठी ओतीव मँगनीज पोलाद प्रचलित आहे. रूळ कोणत्याही पोलादाचा असला, तरी अल्ट्रासोनिक तपासणी आणि माथा घासण्याचे काम चुकत नाही.