तळहाताची साक्ष
बोटांना दोन इलेक्ट्रोड, छातीभोवती श्वास मोजणारा पट्टा. समोरचा माणूस सपाट आवाजात विचारतो, "चोरीला गेलं ते घड्याळ होतं का?" मग काही सेकंद शांतता. "अंगठी?" पुन्हा शांतता. पाकीट, कॅमेरा, बांगडी, फोन. संशयिताचं सगळ्यांना एकच उत्तर, "नाही". चेहरा ढिम्म. पण 'कॅमेरा' ऐकल्यावर तळहात किंचित ओलावतो, श्वास उथळ होतो आणि हृदयाचे ठोके क्षणभर मंदावतात.

मंदावतात! छाती धडधडायला हवी ना? पण ही नुसती भीती नव्हे. लग्नाच्या गर्दीत कुणी आपलं नाव घेतलं की कसे कान टवकारतात, तसं अंग ओळखीच्या गोष्टीला सावध होतं. इथे खोटं पकडायचंच नसतं, पकडायची असते ती ओळख. निर्दोष माणूस कितीही घाबरट असो, त्याला अंगठी काय नि कॅमेरा काय, सारखंच.

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड लिकन यांनी १९५९ मध्ये ही पद्धत मांडली. नेहमीच्या लाय डिटेक्टरचे ते कडवे टीकाकार. यातलं गणित फार गोड आहे. पहिला पर्याय धरत नाहीत, कारण पहिल्या शब्दाला कुणीही सावध होतो. उरलेल्या पाचांत निव्वळ योगायोगाने नेमक्या शब्दावर अंग चाळवण्याची शक्यता पाचात एक. असे सहा प्रश्न विचारले, तर सहाही वेळा तसं होण्याची शक्यता १५,६२५ मध्ये एक!

जपानचे पोलीस दरवर्षी हजारो वेळा ही चाचणी घेतात. प्रेत कुठे पुरलंय हे त्यांनाही ठाऊक नसेल, तर एकेक जागा विचारत जातात.

मात्र तपशील बाहेर फुटला की खेळ खलास. दुपारचा पंचनामा संध्याकाळी चॅनेलवर झळकला, तर 'कॅमेरा' सगळ्या गावाच्याच ओळखीचा.

आपल्याकडे पुण्याच्या सत्र न्यायालयाने २००८ मध्ये एका खुनाच्या निकालात मेंदूच्या लहरी तपासणाऱ्या चाचणीचा आधार घेतला, तेव्हा जगभर भुवया उंचावल्या होत्या. ती चाचणी लिकन यांच्या चाचणीपेक्षा वेगळी, पण शोध तोच, मनात दडलेल्या आठवणीचा. २०१० मध्ये सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय पॉलिग्राफ, नार्को, ब्रेन मॅपिंग करायला मनाई केली. तोंड मिटलेलं असताना अंगाने जे सांगितलं, तीही साक्षच, असं न्यायालयाने मानलं. आणि राज्यघटनेच्या कलम २०(३) प्रमाणे कुठल्याही आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही.