पार हरवलेली गावे

ज्येष्ठांचे केंद्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शहरातला ज्येष्ठ नागरिक संघ येतो. सभासदांची वर्गणी, बागेतला कट्टा, महिन्याचे व्याख्यान, सामुदायिक वाढदिवस, वर्षाकाठी एखादी सहल. निवृत्तिवेतन मिळणाऱ्यांनी आपल्या सोयीने घडवलेला हा नमुना शहरात चांगला रुजला आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत मात्र बहुतेक म्हातारी माणसे शेतात राबलेली. त्यांना निवृत्तीची तारीख नसते आणि निवृत्तिवेतनही नसते. त्यांच्यासाठी केंद्र कसे असावे, हे समजून घेताना मला आधी एक प्रश्न विचारावासा वाटतो : त्यांच्याजवळ पूर्वी काय होते आणि ते कशाने गेले?

पूर्वी होते ते पार, चावडी आणि ढेळज. ढेळज म्हणजे वाड्याच्या मोठ्या दाराच्या आत दोन्ही अंगांना असलेली बसायची जागा. तिथे बसलेल्या म्हाताऱ्याला येणारा-जाणारा दिसे, पाण्याचा तांब्या मिळे, आणि एक दिवस तो दिसला नाही तर चौकशी होई. मनोरंजनापेक्षा ही चौकशीच मोलाची होती.

३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या पहाटे, भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरचे मातीचे माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. पुढे दोन्ही जिल्ह्यांतली ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. आज लोहारा तालुक्यात असलेले सास्तूर त्यांपैकीच. जमिनीच्या प्रमाणात २५० ते ७५० चौरस फुटांची भूकंपरोधक घरे मिळाली. ती गरज खरीच होती, त्याबद्दल वाद नाही. पण चौकटीच्या आखणीत, रुंद रस्त्यांवर वसलेली ही गावे जुन्या गावठाणाच्या कित्येक पट पसरली. भावकी विखुरली आणि घरांना ढेळज राहिली नाही. तरुणाला मोटारसायकलवर हे अंतर जाणवत नाही. गुडघे धरलेल्या माणसाला दोन गल्ल्या पलीकडचा सोबती परगावी गेल्यासारखा होतो.

म्हणून गावाच्या कडेला, मोकळी जागा मिळाली तिथे, एकच मोठे सभागृह बांधून विरंगुळा केंद्र उभे राहत नाही. त्याऐवजी दर तीन-चार गल्ल्यांमागे सावलीचा एक ओटा, पाण्याची सोय आणि जवळ स्वच्छतागृह एवढे केले, तरी माणसे येऊ लागतील.

बसायला जागा झाली की रोज येण्याचे कारण लागते. सायंकाळचा हरिपाठ आणि भजन हे कारण आयते आहे. दुसरे कारण कागदपत्रांचे. राज्याच्या धोरणात २०१८पासून ६० वर्षांची व्यक्ती ज्येष्ठ ठरते. श्रावणबाळ योजनेला ६५ वर्षे लागतात. एसटीचा मोफत प्रवास ७५ पूर्ण झाल्यावर मिळतो. तीन सवलतींची तीन वये, आणि प्रत्येकीला वयाचा पुरावा! २००७च्या पालक व ज्येष्ठ नागरिक कायद्याप्रमाणे सांभाळ न करणाऱ्या मुलांविरुद्ध निर्वाह न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, हेही अनेकांच्या कानांवर गेलेले नसते. आठवड्यातून एकदा शिकलेल्या कुणी अर्ज भरून दिले, वर्तमानपत्र मोठ्याने वाचले, आरोग्यसेविकेने रक्तदाब तपासला, तर ओट्याला काम मिळेल.

पार हा मुळात पुरुषांचा. म्हाताऱ्या बायांना तिथे जागा नव्हती, तेव्हा जुने सगळे चांगले होते असे समजू नये. मात्र याच जिल्ह्याजवळ एक दुर्लक्षित भांडवल आहे. भूकंपानंतर घरदुरुस्तीच्या कामात गावोगावच्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमले होते. त्यांनी सभा घेतल्या, अधिकाऱ्यांना प्रश्न विचारले, पुढे बचतगट चालवले. तेव्हा चाळिशीत असलेल्या या बाया आज सत्तरीच्या आसपास आहेत. केंद्राचा कारभार चालवण्याचा अनुभव गावात कुणाकडे असेल, तर तो त्यांच्याकडे.

आणखी एक गोष्ट ऋतूची. भूम, वाशी, कळंब भागातून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. वस्तीवर उरतात म्हातारी माणसे आणि त्यांच्यावर सोपवलेली नातवंडे. शहरातला संघ उन्हाळ्यात सहल काढतो. इथल्या केंद्राने आपले सारे बळ कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत राखून ठेवायला हवे. त्या महिन्यांत दुपारचे एक गरम जेवण आजी-आजोबा आणि नातवंडांना एकत्र मिळावे, आणि कोण आले नाही याची वही ठेवावी. वहीत नाव नसलेल्या घरी त्याच दिवशी कुणीतरी जाऊन यावे. पारावर जी चौकशी आपोआप होत असे, ती आता ठरवून करावी लागेल.