जॅक उचलायला, स्टँड धरायला

रविवारी पार्किंगमध्ये शेजारचे काका नुसत्या जॅकवर गाडी चढवून ऑइल बदलायला खाली शिरत होते. म्हटलं, "काका, आधी बाहेर या!"

गाडीसोबतचा जॅक फक्त स्टेपनी बदलण्यापुरता. खाली शिरायचं तर जॅक स्टँडच हवेत. विटा नकोत, त्या अचानक फुटतात.

जागा सपाट, टणक हवी. हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना ठोकळे लावा. बहुतेक छोट्या गाड्यांत गिअर पुढचीच चाकं अडवतो. ती उचलली की त्याचा उपयोग संपतो.

मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच उचला. दोन्ही बाजूंना स्टँड लावून भार त्यांच्यावर उतरवा. गाडी हलवून बघा; डुगडुगली तर पुन्हा मांडा.

जुनं ऑइल गटारात नको, गॅरेजमध्ये द्या.

जॅक लावायची जागा सापडत नसेल तर गाडीचं मॉडेल सांगा, बघू!