यंत्राचा आकडा आणि रुग्णाचा दम

श्वास मोजण्याचा शास्त्रशुद्ध प्रयत्न सुरू झाला, त्याला पावणेदोनशेहून अधिक वर्षे झाली. १८४६ मध्ये जॉन हचिन्सन या इंग्रज शल्यवैद्याने आपल्या स्पायरोमीटरविषयीचा प्रबंध लंडनमध्ये प्रसिद्ध केला. छातीभर श्वास घेऊन नळीत फुंकले की पाण्यावर उपडे ठेवलेले भांडे वर उचलले जाई, आणि बाहेर पडलेली हवा मोजता येई. हचिन्सनने दोन हजारांहून अधिक लोकांना असे फुंकायला लावले. आजचे यंत्र तळहातावर मावते आणि त्यात पाणी नसते, पण फुंकणे तेच. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली, हा आकडा त्यात मोलाचा. श्वासनलिका रुंदावणारे औषध देऊनही एकूण हवेच्या सत्तर टक्क्यांहून कमी हवा पहिल्या सेकंदात सुटत असेल, तर डॉक्टर सीओपीडीचे, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद करणाऱ्या दीर्घ आजाराचे निदान करतात.

रुग्णाचे गाऱ्हाणे मात्र लिटर-सेकंदांचे नसते. ‘जिना चढवत नाही’, ‘नळावरून हंडा आणताना दोनदा टेकावे लागते’, ‘अंघोळ केली की बराच वेळ खाटेवर बसून राहतो’ असे तो सांगतो. या दोन हिशेबांचा मेळ फारसा बसत नाही, हे संशोधकांना पुन्हा पुन्हा आढळले आहे. यंत्रावर सारखाच आकडा असलेल्या दोघांपैकी एक बाजार करून येतो, दुसरा उंबऱ्याबाहेर पडत नाही. मग उपचाराने गुण आला की नाही, हे कोणाच्या साक्षीवर ठरवायचे?

या प्रश्नाचा एक धागा वेल्सच्या कोळसा खाणींपर्यंत जातो. खाणकामगारांच्या फुफ्फुसांत धूळ साठून होणाऱ्या आजाराच्या अभ्यासासाठी ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९४५ मध्ये कार्डिफजवळ एक केंद्र उघडले. त्याचे पहिले संचालक चार्ल्स फ्लेचर. एकाच रुग्णाची छाती वेगवेगळ्या डॉक्टरांनी तपासली तर त्यांचे निष्कर्ष जुळत नाहीत, हे त्यांनी १९५२ मध्ये प्रयोगाने दाखवले. म्हणजे तज्ज्ञाचा कानही निर्दोष नव्हता. धापेची पाच पायऱ्यांची मोजपट्टीही फ्लेचर यांचीच. फार कष्ट केले तरच धाप लागते ही पहिली पायरी. सपाटीवर बरोबरीच्या माणसांमागे पडणे ही मधली. कपडे घालता-काढताना धाप लागणे आणि त्यापायी घराबाहेर न पडणे ही शेवटची. पायऱ्या डॉक्टरांनी आखल्या, पण आपण कोणत्या पायरीवर आहोत हे सांगणार रुग्ण. दोन्ही साक्षी एकत्र आणण्याची ही साधी, पण टिकलेली रीत. थोड्या फरकाने ती आजही वापरात आहे.

पुढे प्रश्नावल्या आल्या. कॅनडात गॉर्डन गायट आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये केलेल्या प्रश्नावलीत धाप, थकवा, मनःस्थिती आणि आजारावर आपला ताबा आहे ही जाणीव, असे चार भाग होते. धाप कोणत्या कामांत लागते, ती पाच कामे रुग्णानेच निवडायची. लंडनच्या पॉल जोन्स यांनी नव्वदच्या दशकाच्या आरंभी पन्नास प्रश्नांची ‘सेंट जॉर्ज’ प्रश्नावली रचली. तिचे गुण शून्य ते शंभर. जितके जास्त, तितका त्रास जास्त. चार गुणांचा फरक रुग्णाला जाणवण्याजोगा मानतात.

या प्रश्नावलीत बर्फ उपसण्याचा आणि गोल्फ खेळण्याचा उल्लेख आहे. लंडनमध्ये ते शोभते. माणदेशातल्या बाईला काय विचारायचे? शब्द बदलला की भाषांतर झाले, असे इथे चालत नाही. तेवढ्याच कष्टाचे, तिच्या रोजच्या जगण्यातले काम शोधावे लागते.

मराठीत अडचण आणखी खोल आहे. ‘दम लागला’ म्हणजे धाप लागली. ‘दमलो’ म्हणजे थकलो. ‘दमा’ म्हणजे खरे तर अस्थमा, पण बोलण्यात सीओपीडीलाही तेच नाव. कॅनडाच्या प्रश्नावलीत धाप आणि थकवा यांचे रकाने वेगळे; आपल्या बोलीत दोन्ही एकाच घरचे. ‘लई दम लागतो’ हे उत्तर कोणत्या रकान्यात लिहायचे, हे विचारणाऱ्याला पुन्हा एकदा नीट विचारूनच ठरवावे लागेल.

तरी फक्त रुग्णाचे म्हणणे धरावे, असेही नाही. धाप लागते म्हणून माणूस जिना टाळतो, मग बाजार टाळतो, मग अंगणही. काही वर्षांनी ‘धाप लागते का?’ म्हटले तर तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. धाप कमी झालेली नसते, जगणे आक्रसलेले असते. इथे सहा मिनिटांत तो किती मीटर चालतो हे पाहणारा तज्ज्ञ लागतो.

म्हणून दोन्हींची सांगड घालण्याचे प्रयत्न झाले. २००४ मध्ये बार्तोलोमे सेली आणि सहकाऱ्यांनी शरीराचा बांधा, श्वासमार्गातला अडथळा, रुग्णाने सांगितलेली धाप आणि सहा मिनिटांतली चाल यांचा शून्य ते दहा गुणांचा निर्देशांक मांडला. मृत्यूचा धोका ओळखण्यात तो एकट्या यंत्राच्या आकड्यापेक्षा सरस ठरला. ‘गोल्ड’ या जागतिक उपक्रमाने २०११ पासून रुग्णांचे गट पाडताना आकड्याच्या जोडीला लक्षणे आणि आजार उसळण्याचे प्रसंगही धरले.

एकच बेरीज करण्यात मात्र एक धोका आहे. चाल सुधारली आणि धाप वाढली, तर बेरीज जागच्या जागी राहते आणि दोन्ही गोष्टी झाकल्या जातात. त्यामुळे अलीकडे वेगळी वाट चोखाळली जाते: काय मोजायचे हेच आधी मिळून ठरवायचे. आजार उसळल्यावरच्या उपचारांच्या चाचण्यांसाठी युरोपीय श्वसनविकार संस्थेच्या पुढाकाराने अशी यादी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. रुग्ण, डॉक्टर आणि संशोधक मिळून हजाराहून अधिक जणांनी फेऱ्याफेऱ्यांनी मत दिले. मृत्यू आणि पुन्हा उसळणे यांच्याबरोबर धाप आणि रोजची कामेही त्या यादीत आली.

हा वाद केवळ कागदावरचा नाही. व्यायाम, आजाराची माहिती आणि मनाला आधार देणारे श्वसन-पुनर्वसन घ्या. त्याने यंत्राचा आकडा फारसा हलत नाही. आकडाच प्रमाण मानला असता तर हा उपचार निरुपयोगी ठरून बंद पडला असता. पण २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात ६५ चाचण्या आणि ३,८२२ रुग्णांचा हिशेब मांडला गेला, तेव्हा धाप, थकवा, चालण्याची ताकद आणि आजारावरचा ताबा, सगळ्यांतच सुधारणा दिसली. हा आढावा ज्यांच्या नावाच्या संस्थेचा, ते आर्ची कॉक्रेन वेल्सच्या त्याच केंद्रात खाणकामगारांमध्ये काम करत होते.

आपल्याकडे हा आजार फक्त विडी-सिगारेटचा नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीकडे लक्ष वेधले, त्याच्या कारणांत लाकूड-शेणीचा धूर ठळक आहे. चुलीपुढे जन्म गेलेली बाई धापेला वयाचा भाग समजते आणि न विचारता बोलत नाही. स्पायरोमीटर तिच्या गावापर्यंत पोचायलाच हवा. त्याबरोबर तिचा हंडा, तिची चढण आणि तिचा दम विचारणारा चार ओळींचा कागदही पोचला पाहिजे, आणि तिच्या उत्तराची नोंद आकड्याच्या शेजारी, त्याच केसपेपरवर झाली पाहिजे.